बंदुकीच्या सावलीत पाळणा: मूल व्हावं की नको, हे घर कसं ठरवतं?

पळसफूल
गेल्या महिन्यात एका ओळखीच्या जोडप्याला भेटायला गेले होते. दोघंही पूर्वी माओवाद्यांच्या दलममध्ये, म्हणजे जंगलातल्या सशस्त्र तुकडीत होते, आत्मसमर्पण करून आता गडचिरोली शहराजवळ राहतात. दलममध्ये लग्नाला परवानगी मिळायची, पण आधी पुरुषाची नसबंदी. तान्हं मूल रडलं की सगळ्यांचा ठावठिकाणा कळतो, आणि आई झालेली बाई वीस किलोमीटर रात्रीची चालू शकत नाही, असा साधा हिशोब. बाहेर आल्यावर त्यानं ती नसबंदी उलटवण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. आता तिला सातवा महिना आहे. निघताना ती दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "सिस्टर, आम्ही लेकरू आणतोय, ते बरोबर करतोय ना?"

मी हो म्हटलं. पण घरी येईपर्यंत तो प्रश्न डोक्यातून गेला नाही.

भामरागड तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून मी अकरा वर्षं काढली. एका बाईचा चार वर्षांचा मुलगा तापानं गेला. चकमकीमुळे दोन दिवस रस्ता बंद होता, त्याला खाली आणता आलं नाही. वर्षाच्या आत तिला पुन्हा दिवस गेले, आणि ते तिनं ठरवून केलं होतं. त्याच गावातल्या दुसरीचा भाऊ खबऱ्या ठरवून मारला गेला. ती तेराव्याच्या आत माझ्याकडे आली, "तांबी बसवा, घरी कुणाला सांगू नका" म्हणाली. एकच गाव, एकच भीती, आणि दोघी अगदी उलट दिशेला गेल्या. असं का होतं? तुमच्या घरात, गावात, वाचनात असं काही असेल तर लिहा. माहिती हवी आहे, उपदेश नको.

ओसरी
वाचतेय. तेराव्याच्या आत तांबी… वाक्य पुन्हा वाचावं लागलं.

सांख्यिकीवेडा
ताई, तुम्ही ज्या दोघींबद्दल लिहिलंत त्या रवांडाच्या आकड्यांमध्येही सापडतात, म्हणून राहवत नाही. (मी देवनारला लोकसंख्याशास्त्र शिकलो, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.)

१९९४ च्या एप्रिल ते जुलै या शंभर दिवसांच्या वंशसंहारात तिथे किमान पाच लाख, अनेक अंदाजांनी आठ लाख माणसं मारली गेली. नंतरच्या आरोग्य सर्वेक्षणांत बायकांना मुलांच्या जन्म-मृत्यूंबरोबर सख्ख्या भावंडांबद्दलही विचारलं होतं. ते जुळवून पाहिल्यावर दिसलं की ज्या आईचं मूल त्या काळात गेलं, तिला पुढच्या पाच वर्षांत मूल होण्याची शक्यता वाढली आणि नंतरची एकूण मुलंही जास्त झाली. पण जिचं भावंड गेलं, तिला पुढे मुलं कमी झाली, आणि तो परिणाम पंधरा वर्षांनंतरही पुसला गेला नव्हता.

पहिलं समजतं. रिकामी झालेली जागा भरायची ओढ. दुसऱ्याचं कारण आकडे सांगत नाहीत. माझा अंदाज असा की भाऊ-बहीण म्हणजे बाळंतपणाचं माहेर. ते गेलं की मूल वाढवायला हात कुठून आणायचे? तुमच्या त्या बाईचा भाऊ तिच्यासाठी काय होता, आठवतं का?

पळसफूल
आठवतं. तिचा नवरा दारू प्यायचा. धान्य भाऊ आणून द्यायचा. मोठ्या पोराला आश्रमशाळेत त्यानंच घातलं होतं.

तेरणाकाठ
आमच्या घरातली गोष्ट सांगतो, रझाकारीतली. आजी सांगायची. १९४७-४८ ला आमचं गाव निजामाच्या हद्दीत. शेजारच्या गावात लूट, जाळपोळ झाली आणि पंधरा दिवसांत आमच्या वाड्यातल्या तीन पोरी उजवल्या. आजी तेव्हा तेरा वर्षांची. मुहूर्त नाही, वाजंत्री नाही, रात्रीत हळद लावून सकाळी बैलगाडीनं बार्शीकडे, इंग्रजांच्या जुन्या हद्दीत. पणजोबांचं म्हणणं एवढंच होतं की पोर दुसऱ्याच्या घरी गेली की ती राखणं ही दोन घरांची जबाबदारी होते.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामानं शरणागती जाहीर केली. आजीचं पहिलं बाळंतपण पंधराव्या वर्षी, आणि ते मूल गेलं. पुढे सात झाली. आमच्याकडे मुक्तिसंग्राम दिनाला झेंडावंदन होतं, भाषणं होतात. त्या धास्तीत किती पोरींचं बालपण एका रात्रीत आटोपलं, याचा उल्लेख मी एकाही भाषणात ऐकला नाही.

तेव्हा ताई, तुमच्या प्रश्नात 'ठरवतं कोण' हेही धरा. आजीला कुणी विचारलं नव्हतं.

स्पष्टवक्ता
भावना बाजूला ठेवून लिहितो. अफगाणिस्तान, काँगो, गाझा: जिथे युद्ध तिथे घरटी पाच-सहा मुलं. कारण युद्ध नाही. शिक्षण नाही आणि कुटुंबनियोजन नाही. लोक काही ठरवत बिरवत नाहीत, होतात म्हणून होतात. उगाच त्यात मानसशास्त्र शोधू नये.

सांख्यिकीवेडा
@स्पष्टवक्ता, काँगोत साधनांचा तुटवडा हा मोठा भाग आहे, मान्य. पण जिथे युद्ध तिथे मुलं जास्त हे सरसकट खरं नाही. इरिट्रियात १९९५ ला दर बाईमागे ६.१ मुलं होती. १९९८ ते २००० इथिओपियाशी युद्ध झालं, पुरुष सगळे आघाडीवर, आणि २००२ च्या सर्वेक्षणात आकडा ४.८ वर आला. सात वर्षांत एवढी घसरण शाळा उघडून होत नसते.

आणि गाझा तर तुमच्या विरुद्धचं उदाहरण आहे. तिथल्या बायका साक्षर आहेत, शिकलेल्या आहेत. तरी १९९० च्या सुरुवातीला सरासरी सातच्या वर होती. १९८७ च्या अखेरीस पहिला इंतिफादा, म्हणजे इस्रायलविरुद्धचा पॅलेस्टिनी उठाव सुरू झाला, शाळा दीर्घकाळ बंद राहिल्या, लग्नं साध्या पद्धतीनं आणि लवकर होऊ लागली. तेरणाकाठ यांच्या आजीसारखंच. पुढे अशांतता होतीच, तरी सरासरी उतरत चारच्या आसपास आली. म्हणजे संघर्ष तोच राहून वागणं बदललं. माणसं ठरवत नसती तर हे झालं नसतं.

लामकरीण
आमचं गाव साताऱ्याकडचं, घरटी फौजी. आमच्याकडे म्हाताऱ्या युद्धाला अजून 'लाम' म्हणतात. "त्याचा आजा लामावर गेला तो आलाच न्हाई." शेजारच्या अपशिंग्यातून पहिल्या महायुद्धात गेलेले ४६ जण परत आले नाहीत, तिथे त्यांच्या नावचा दगड आहे.

फौजीच्या घरात मूल कधी व्हावं हे कोण ठरवतं? सुट्टी! आम्ही तिघी बहिणी, तिघींचे वाढदिवस फेब्रुवारी-मार्चात, कारण बाबांची सुट्टी मे महिन्यात. माझ्या नवऱ्याची सुट्टी गणपतीत, आणि आमची दोन्ही पोरं जूनची. शाळेतल्या बाई एकदा म्हणाल्या, तुमच्या गावचे वाढदिवस कॅलेंडरवर एकाच पानावर मावतात. :)

पण १९९९ चा मे वेगळा होता. माझी थोरली जाऊ तेव्हा नवी नवरी. भावजी कारगिलला. सासूबाई रोज देवाला म्हणायच्या, "सुट्टीत दिवस गेलेले असूदेत रे बाबा." जाऊबाई न्हाणीघरात तोंडाला पदर लावून रडायच्या, कारण त्यांना नेमकं उलटं हवं होतं. एकीला वाटत होतं मुलाचं काहीतरी मागं राहावं, दुसरीला वाटत होतं एकटीनं वाढवायची वेळ येऊ नये. दोघी त्याच माणसावर जीव टाकत होत्या. भावजी सुखरूप आले. पण ते दोन महिने त्या दोघी एकमेकींशी धड बोलल्या नव्हत्या.

ओसरी
लामकरीण, सासू-सुनेचं हे वाचून गलबललं. वाढदिवसांच्या पानावर हसले आणि लगेच हा परिच्छेद.

सांख्यिकीवेडा
सुट्टीचा मुद्दा जगभर दिसतो. फ्रान्समध्ये १९१६ साली जन्म १९१३ च्या निम्म्यावर आले होते. चौदा लाखांच्या आसपास सैनिक मेले, आणि जी मुलं जन्मालाच आली नाहीत त्यांचा अंदाजही साधारण तेवढाच आहे. स्मारकांवर पहिल्यांचीच नावं आहेत. दुसऱ्यांना नावंच नव्हती.

अश्दोदची मावशी
मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी, आता इस्रायलमध्ये. आजोबा रेवदंड्याचे, घरी अजून मराठी बोलतो. 'मायबोली' अंक इथे निघायचा तो आई जपून ठेवायची. आमचं शहर गाझापासून तीस-पस्तीस किलोमीटर. भोंगा वाजला की पाऊण मिनिटात खोलीत शिरायचं. १९९१ च्या आखाती युद्धानंतर बांधलेल्या घरांत काँक्रीटची एक सुरक्षित खोली असतेच, तिला 'ममाद' म्हणतात. बहुतेक घरांत तीच मुलांची खोली करतात, म्हणजे रात्री त्यांना उचलून पळावं लागत नाही. माझ्या सुनेनं पाळणा विकत घेण्याआधी खोलीचं पोलादी दार तेल घालून नीट लागतंय का ते पाहिलं.

इथे सरासरी तीनच्या जवळ आहे, श्रीमंत देशांत इतकी कुठेच नाही. धार्मिक घरांमुळे आहे हे खरं, पण माझ्यासारख्या साध्या घरांतही तिसरं मूल नवल नाही. माझी आई म्हणायची, "एक लष्करात देऊन एक घरी उरायला हवा." तेव्हा मला राग यायचा. माझी मुलं गणवेशात गेली तेव्हा तिचं बोलणं कळलं, राग मात्र गेला नाही.

७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यानंतर एक गोष्ट फार ऐकू येते. मुलगा मारला गेला की काही तासांत आईवडील त्याचं बीज काढून जपून ठेवायची मागणी करतात. नियमही सोपे झाले. माझ्या ओळखीतल्या एका बाईनं ते केलं. मी काय बोलणार? नातवाची आई कोण होणार, त्या मुलीला हा भार पेलेल का, हे मनात आलं. तोंडातून मात्र "बरं केलंस" एवढंच आलं.

आणि हेही लिहिते, नाहीतर खोटं वाटेल. कुंपणापलीकडच्या बायकांना ममाद नाही. त्या तंबूत बाळंत होतात. माझ्या सुनेला कळा येत होत्या त्या रात्री मला त्याच आठवत होत्या.

स्पष्टवक्ता
मावशी, तुमच्या प्रतिसादाला नमस्कार. माझा पहिला प्रतिसाद घाईचा होता, गाझाचे आकडे मला माहीत नव्हते. पण एक शंका राहतेच: ज्या घरात पुढच्या आठवड्याची खात्री नाही तिथे नव्या जिवाला बोलावणं त्या जिवावर अन्याय नाही का?

वैनगंगा
मी एटापल्लीकडचाच हाव. माह्या गावातलं सांगतो. वीस वर्षांआधी दादा लोक, म्हंजे नक्षलवाले, रातच्याला येऊन सांगत, घरटी एक पोट्टा नाई तं पोट्टी पायजे. मंग लोकायनं काय केलं? पोट्टी चौदाची झाली का लगन. लगन झालेल्या पोट्टीले सहसा नेत नसत. माही मोठी बहीण तशीच गेली. सोळाव्या वर्षी माय झाली.

आता स्पष्टवक्ता भाऊले सांगतो. अन्याय म्हणता तं बरोबर हाय, पण तुमी जिथून पायता तिथून. आमच्याइकडं लेकरू म्हंजे घर हाय असं समजते. ज्या घरात लेकरू रडत नाई त्या घरात संशय येते, हे लोक जंगलात गेले का म्हणून. इकडून पोलीस इचारे, तिकडून दादा इचारत. कडेवर लेकरू असलेल्या बाईले दोघंही जरा कमी इचारत.

सांख्यिकीवेडा
वैनगंगा, कडेवरच्या लेकराचा मुद्दा मी कुठल्याही शोधनिबंधात वाचलेला नाही. लग्नाचा मात्र जगात दोनदा तरी हुबेहूब दिसतो. श्रीलंकेत शेवटच्या वर्षांत, २००९ ला युद्ध संपण्याआधी, एलटीटीई ही तमिळ बंडखोर संघटना लढायला घरटी एक मूल नेत होती, तेव्हा तमिळ आईबापांनी कोवळ्या मुला-मुलींची घाईनं लग्नं लावली. सीरियातून जॉर्डन आणि लेबनॉनला गेलेल्या निर्वासितांतही मुलींची लग्नं लवकर होऊ लागली. तेरणाकाठच्या आजी, तुमच्या ताई, श्रीलंकेच्या वन्नी भागातल्या मुली. तिन्ही ठिकाणी बापाला वाटतं पोर वाचली, आणि तिच्या वाट्याला पंधराव्या-सोळाव्या वर्षी बाळंतपण येतं.

कोथरूडकर सई
आमच्या सोसायटीच्या राखणदाराची बायको रोल्पाची, नेपाळच्या माओवादी संघर्षाचा गड तो. नवरा पोलीस आणि माओवादी दोघांच्या भीतीनं पळून पुण्याला आला, ती सात वर्षं तिकडेच. थोरल्या मुलानंतर धाकटा नऊ वर्षांनी. मी एकदा बावळटासारखं विचारलं, एवढं अंतर कसं? ती म्हणाली, "दीदी, आदमी नहीं था, गाँव में आदमी ही नहीं थे."

सांख्यिकीवेडा
आणि त्याच काळात, १९९६ ते २००६, नेपाळची सरासरी ४.६ वरून ३.१ वर आली. शिक्षण, गर्भनिरोधकं, परदेशी नोकऱ्या हे सगळं त्यात आहे. पण तुमच्या त्या दीदीचं वाक्यही आहे.

अंगकोर पाहिलेली
कंबोडियाला गेले होते तेव्हा गाडीवाला, वाटाड्या, हॉटेलवाला सगळे एकाच वयाचे. वाटाड्या म्हणाला, "आम्ही सगळे १९८० नंतरचे." ख्मेर रूजच्या १९७५ ते ७९ या राजवटीत सतरा लाखांच्या आसपास लोक गेले, उपासमारीनं बायकांची पाळी बंद झाली, जन्म घटले. राजवट पडल्यावर जन्मांची लाट आली.

त्याच्या आईवडिलांचं लग्न 'अंगकार'नं, म्हणजे संघटनेनं लावलेलं. रांगेत अनोळखी जोडपी उभी केली, शपथ दिली आणि रात्री झोपडीबाहेर माणूस ऐकत उभा. २०१८ मध्ये तिथल्या न्यायालयानं अशी सक्तीची लग्नं मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरवली. मी विचारलं, मग राजवट गेल्यावर ते वेगळे का नाही झाले? तो म्हणाला, "आईचं कुणी उरलं नव्हतं. बाबांचंही नव्हतं. मी होतो."

पळसफूल, एका संघटनेनं मुलं व्हावीत म्हणून लग्नं लावली, दुसरीनं होऊ नयेत म्हणून नसबंदी केली. मला दोन्ही एकच वाटतात.

पळसफूल
@अंगकोर, हे वाचून मी फोन खाली ठेवला आणि अंगणात जाऊन आले. मला जे बोलता येत नव्हतं ते हेच.

विनित्सा ते विदर्भ
मी युक्रेनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत होतो, २०२२ च्या मार्चमध्ये रोमेनियामार्गे परतलो. घरमालकीणबाईंशी अजून बोलणं होतं. त्यांची मुलगी पोलंडमध्ये, जावई आघाडीवर. ती आता अडतीसची. त्यानं सुट्टीवर आल्यावर बीज गोठवून ठेवलंय, तिकडे सैनिकांसाठी तशी सोय झाली आहे. ती म्हणते, "वापरायचं कधी? तो आल्यावर. तो आला नाही तर वापरायचं का, हे मी रोज ठरवते आणि रोज मोडते." देशात २०२१ ला पावणेतीन लाखांच्या जवळ जन्म नोंदले गेले होते, २०२३ ला एक लाख सत्त्याऐंशी हजार. या घटीतल्या किती मुली देशाबाहेर बाळंत झाल्या आणि किती जणी असं रोज ठरवून रोज मोडतायत?

दोनच पुरे
थोडं अवांतर. आम्ही दोघं आयटीत, बाणेर. जगात चाललंय ते पाहून मूल नको असं ठरवलंय. हा धागा वाचून वाटलं, आम्ही पडद्यावर युद्ध पाहून थांबलो आणि ज्यांच्या दारात आहे ते थांबत नाहीत.

लामकरीण
तुमचं ठरवणंही खरंच आहे, त्याला कमी लेखू नका. तुम्हाला कुणी विचारलं तरी. माझ्या जावेला कुणी विचारलं नव्हतं.

गिरगावची पोर
रुग्णालयाचा विषय निघाला म्हणून. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी कामा रुग्णालयात शिरले तेव्हा परिचारिका अंजली कुलथे यांनी वॉर्डातल्या वीस गरोदर बायकांना एका छोट्या खोलीत हलवलं, दारं लावली, दिवे घालवले. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या, तिला भिंतीच्या कडेकडेनं प्रसूतिगृहात नेलं आणि बाळ झालं. माझी मावसबहीण तेव्हा दुसऱ्या रुग्णालयात आठव्या महिन्यात होती. पहिलं ते, दुसरं तिनं होऊच दिलं नाही. "पुन्हा ती रात्र नको" एवढंच म्हणते, आणि ती तर तिथे नव्हतीसुद्धा.

स्पष्टवक्ता
वैनगंगा भाऊ, "तुमी जिथून पायता तिथून" हे लागलं, आणि योग्य लागलं. एक विचारतो, खरंच कळावं म्हणून. आता गोळीबार कमी झालाय, मोठे नेते शरण आले. तुमच्याकडे मुलं कमी होतायत की जास्त?

वैनगंगा
माह्या बहिणीले पाच. तिच्या पोरीले दोन, आणि ती ऑपरेशन करून आली. कोणाले घाबरून नाई. नर्सिंगले जायाचं म्हणते.

पळसफूल
याला माझ्याकडून एक जोड. डॉ. अभय आणि राणी बंग या दांपत्यानं १९८८ च्या सुमारास गडचिरोलीतल्या गावांत मोजलं तेव्हा हजारातली १२१ बाळं वर्ष पुरं होण्याआधी जात होती. ज्या आईला ठाऊक आहे की चारातलं एखादं जाऊ शकतं, ती दोनवर थांबत नाही. मग गावातल्याच बाईला आरोग्यदूत करून घरी जाऊन बाळ तपासणं सुरू झालं, बाळं जगायला लागली. माझ्या उपकेंद्रात तांबी मागायला येणाऱ्या बायका वाढल्या त्या लेकरं जगतायत हे दिसल्यावर. बंदुकीनं मारलेली मोजकी होती. बंदुकीमुळे बंद पडलेल्या रस्त्यावर दवाखान्यात न पोचलेली कितीतरी. संघर्षाचा आणि पाळण्याचा संबंध मी जिथे उभी होते तिथून असा दिसतो.

सगळ्यांचं वाचलं. काल पुन्हा गेले होते तिच्याकडे. तिचा तो प्रश्न मीच काढला. म्हटलं, त्या दिवशी मी पटकन हो म्हणाले, पण तू का विचारलंस? ती म्हणाली, "जंगलात दहा वर्षं कधी उठायचं, कधी खायचं, कुणाशी लगीन, सगळं वरून यायचं. हे पहिलंच आम्ही दोघांनी ठरवलं. चुकलं तर कुणाला विचारायचं तेच कळेना, म्हणून तुम्हाला विचारलं."

पाळण्याला मऊ जुनी साडी हवी म्हणाली. तिच्याकडे जुनी साडी नाही, तिनं आयुष्यात साड्या नेसल्याच उशिरा. माझ्या आईचं एक जुनेर आहे पेटीत, नऊवारी, धुऊन धुऊन पातळ झालेलं. रविवारी घेऊन जाणार आहे.

अश्दोदची मावशी
नऊवारी असेल तर दोन पाळणे होतील. अर्धी फाडून ठेव, दुसऱ्याला.

वैनगंगा
सिस्टर, रविवारी मी गडचिरोलीलेच हाव. बांबूचा पाळणा मी आणतो, आमच्या गावातला बुरड चांगला करते.